रात्री सरळ, सकाळी डावीकडे बसलेली: बसच्या मोटरहोमचं एअर सस्पेन्शन

मुलुंडकर

मंडळी, गाडी २००४ ची, मागे इंजिन असलेली लक्झरी बस. एका ट्रॅव्हल्सवाल्याने विकायला काढली तेव्हा घेतली. सीट काढून आत दोन बेड, ओटा, बाथरूम करून घेतलं. पासिंग रीतसर झालेलं आहे, त्यामुळे कृपया चर्चा तिकडे वळवू नका. अमेरिकेतल्या जुन्या मोटरहोमचा थाट हिला नाही, पण सोसायटीतली पोरं हिला विंटेजच म्हणतात.

त्रास असा. रात्री गाडी सपाट जागेवर उभी करतो, सरळ असते. आम्ही झोपेपर्यंत सरळच असते. पहाटे कधीतरी मागची डावी बाजू बसते. संध्याकाळी टायर आणि कमान यांच्यामध्ये हाताची चार बोटं आडवी जातात, सकाळी एक जेमतेम. उजवीकडे फारसा फरक नाही. आत मग गंमत सुरू होते. बाथरूमचं पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साठतं, फ्रिजचं दार आपोआप उघडतं आणि डावीकडच्या बेडवर झोपलेली आई सकाळी भिंतीला चिकटलेली असते.

डॅशबोर्डवरचे हवेचे दोन्ही काटे मात्र सकाळी जवळपास जिथल्या तिथे. इंजिन चालू केलं की थोड्या वेळात बाजू वर येते आणि दिवसभर काही तक्रार नाही. पाऊस सुरू झाल्यापासून हे वाढलंय.

मेकॅनिक म्हणतो, मागचे चारही बलून (स्प्रिंगच्या जागी असलेल्या हवेच्या रबरी पिशव्या) बदला. गणपतीला कोकणात न्यायचीय. डावीकडे ३०० लिटरची पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या आहेत, त्या वजनाने होत असेल का?

घाटवाट

बलूनच. वीस वर्षांचं रबर आहे, अजून काय पाहिजे? चारही टाका आणि मोकळे व्हा. मुंबई-गोवा रस्त्यावर पेणच्या पुढे बलून गेला तर क्रेनच बोलवावी लागेल.

हवाबाण

चारही गेले असते तर दोन्ही बाजू बसल्या असत्या ना भाऊ? एकच बाजू का?

थाटाचा विषय निघालाय म्हणून सांगतो. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या जीएमसीने १९७३ ते १९७८ या मॉडेल-वर्षांत जी मोटरहोम बनवली, तिला मागे आडवा ॲक्सलच नाही. इंजिन पुढे, ओढतात पुढची चाकं. मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाकं आणि त्या दोघांच्या दांड्यांमध्ये आडवी धरलेली एक हवेची पिशवी. त्यामुळे फरशी एकदम खाली येते, आत उंच माणूसही ताठ उभा राहतो. हवेसाठी विजेवरचा कॉम्प्रेसर, इंजिन बंद असलं तरी चालणारा. तिथल्या मालकांची मुख्य रड काय, तर रात्रीत एक बाजू बसते! तेव्हा तुम्ही चांगल्या पंगतीत आहात. तसा विजेवरचा कॉम्प्रेसर तुमच्या गाडीला लावता येणार नाही का?

वर्कशॉपकाका

मुलुंडकर, बलूनचे पैसे अजून खिशातच ठेवा.

मी नोकरी केली ती ट्रॅव्हल्सच्या वर्कशॉपात, बरीचशी रात्रपाळीला. संध्याकाळी धुऊन उभी केलेली गाडी पहाटे तिरकी दिसली की ड्रायव्हर आधी मला उठवायचा, मग चहावाल्याला. त्यामुळे या विषयावर जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तुमच्या लिहिण्यातलं कामाचं वाक्य म्हणजे ‘झोपेपर्यंत सरळच असते’. मागे प्रत्येक बाजूला एक लेव्हलिंग वॉल्व्ह, म्हणजे उंची सारखी राखणारा वॉल्व्ह असतो. तो चॅसीला बसवलेला, आणि त्याचा दांडा एका बारीक काडीने ॲक्सलला जोडलेला. बाजू खाली गेली की दांडा वर उचलला जातो आणि वॉल्व्ह हवा भरतो. बाजू वर गेली की हवा सोडतो. इंजिन चालू आहे की बंद, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुमच्याकडे हवा बारीक बारीक जातेय. बाजू किंचित खाली येते, दांडा हलतो, वॉल्व्ह सस्पेन्शनच्या टाकीतून तेवढी हवा भरून काढतो. टाकीत माल आहे तोवर गाडी सरळ. टाकी संपली की बसते. ती वेळ तुमच्याकडे पहाटेची आहे, एवढंच. बलूनला चांगली चीर असती तर तुमचं जेवण व्हायच्या आत गाडी कलंडली असती.

आता काटे. ते दोन्ही ब्रेकच्या हवेचे. सस्पेन्शनच्या टाकीचा काटा समोर नसतो. ब्रेकच्या टाक्या भरल्याशिवाय सस्पेन्शनला हवा मिळत नाही, आणि सस्पेन्शन पूर्ण रिकामं झालं तरी ब्रेकची हवा तिकडे ओढली जाऊ नये म्हणून मध्ये वॉल्व्ह असतात. तुमचे काटे हलले नाहीत म्हणजे ती राखण नीट चालू आहे. सस्पेन्शन ठीक आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

गाडीखाली जाण्याआधी हे वाचा, आणि तुमच्या मेकॅनिकलाही वाचून दाखवा. हवेवर उभ्या असलेल्या बसखाली डोकं घालायचं नाही. एखादा पाइप निसटला किंवा वॉल्व्हच्या दांड्याला धक्का लागला तर अख्खी बाजू एका क्षणात खाली येते, आणि ॲक्सल आणि चॅसीमध्ये तेव्हा हाताचा पंजाही मावत नाही. चाकांना पुढून-मागून ठोकळे. चॅसीच्या मुख्य गर्डरखाली घोड्या (वजन पेलणारे लोखंडी स्टँड), नाहीतर सागाचे जाड ओंडके. नुसता जॅक चालणार नाही. एवढं झालं की मग पाठ टेका.

शोध सोपा आहे. एकच कोपरा बसतो म्हणजे दोन बलून, एक वॉल्व्ह आणि मधले पाइप, एवढाच मुलूख. गाडी पूर्ण हवेवर आणा, इंजिन बंद करा, पंधरा मिनिटं शांत उभी राहू द्या. भांडी घासायचं लिक्विड पाण्यात कालवून स्प्रेच्या बाटलीत भरा. आधी प्रत्येक एल्बोवर (पाइप वळवणाऱ्या फिटिंगवर) आणि पाइप जिथे फिटिंगमध्ये शिरतो तिथे मारा. मग बलूनच्या वरच्या पत्र्याची कड. मग बलूनची घडी, जिथे रबर खालच्या पिस्टनवर लोळतं. तिथला चिखल आधी धुवा, चिरा चिखलाखालीच असतात. वरवरच्या केसासारख्या रेघांना घाबरू नका, आतला धागा दिसला तर मात्र बलून बाद.

शेवटी वॉल्व्हचं हवा सोडायचं तोंड. तिथे फुगा धरला आणि फुटून पुन्हा धरला तर तुमचा चोर तो. पण ही तपासणी सपाट जमिनीवरच करा. उतारावर उभ्या गाडीत एका बाजूचा वॉल्व्ह हवा सोडत राहतो, ते त्याचं कामच आहे. त्या फुसफुशीवरून चांगले वॉल्व्ह बदलणारे महाभाग मी पाहिलेत.

तरी शंका राहिली तर वॉल्व्ह आणि बलून यांच्यामधल्या पाइपवर एक छोटा कॉक टाका आणि रात्री बंद करा. सकाळी बाजू बसली तर दोष बलूनकडे, नाही बसली तर वॉल्व्हकडे. कॉक आणि पुश फिटिंग नागदेवी स्ट्रीटला मिळतील, पाइपचा तुकडा मापाला घेऊन जा. पाइप धारदार ब्लेडने काटकोनात कापा, तिरका कापलात तर तीच नवीन गळती. आणि तपासणी झाली की कॉक काढून टाका. बंद कॉकवर गाडी चालवायची नाही.

टाकीच्या वजनाने गळती होत नाही. पण ३०० लिटर म्हणजे ३०० किलो. तेवढं वजन त्याच उंचीला धरायला डाव्या बलूनमध्ये उजवीकडच्यापेक्षा जास्त हवा कोंबावी लागते, म्हणून तेवढ्याच भोकातून तिथे जास्त निसटते.

पावसाचं म्हणाल तर हवेच्या टाकीखालची कडी ओढा. मुंबईच्या जुलैतली हवा कॉम्प्रेसर दाबतो तेव्हा पाणी सुटणारच, ते अडवणं ड्रायरचं काम. चांगलं पाणी आलं तर ड्रायरचं कार्ट्रिज संपलं. दुधासारखं चिकट आलं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय, आणि त्या तेलात वॉल्व्हमधलं रबर फुगतं. काय आलं ते इथे लिहा.

वाटसरू

फ्रिज गॅसवरही चालणारा असेल तर दार उघडणं ही किरकोळ गोष्ट आहे. त्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो, अमोनियाचं पाणी आपल्या उतारानेच फिरतं. गाडी फार तिरकी राहिली की ते अडतं आणि फ्रिज गार होणं बंद होतं. तसाच चालू ठेवला तर कायमचा जातो. सस्पेन्शन नीट होईपर्यंत रात्री बंद ठेवा.

मुलुंडकर

वाटसरू, आमचा साधा बॅटरीवरचा कॉम्प्रेसरवाला आहे, वाचलो.

काका, दंडवत. रविवारी ऐरोलीला मित्राच्या गोडाऊनसमोर काँक्रीटवर गाडी नेली. घोड्या त्याच्याकडेच होत्या.

कडी ओढल्यावर आधी पाणी आलं, तांब्याभर असेल, आणि मागोमाग पांढरी भुकटी. ओल्या रांगोळीसारखी, बोटावर घेतली तर करकरते. तेलाचा वास नाही, चिकटपणा नाही. फिटिंगवर कुठेही फुगा नाही. बलून धुऊन, टॉर्च मारून बघितले, मागच्या बलूनवर रेघा आहेत पण धागा दिसत नाही. वॉल्व्हच्या तोंडाला मात्र लिंबाएवढा फुगा आला, फुटला, परत आला. मित्र म्हणाला, कॉकवरही खात्री कर. रात्रभर कॉक बंद ठेवला. सकाळी बाजू जशीच्या तशी.

म्हणजे वॉल्व्हच ना? आणि ती भुकटी कसली?

वर्कशॉपकाका

वॉल्व्हच. भुकटी ड्रायरमधल्या दाण्यांची. कार्ट्रिजमध्ये ओल शोषणारे पांढरे दाणे असतात. ते फार दिवस पाण्यात भिजले की फुटतात आणि त्यांचा चुरा हवेबरोबर पुढे जातो. वॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे आतलं भोक जिथे बंद होतं तिथे, चिमूटभर बसला तरी वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. पाऊस सुरू झाल्यावर वाढलं असं तुम्ही म्हणालात ते याचमुळे.

आता क्रम चुकवू नका. आधी कार्ट्रिज नवीन. मग सगळ्या टाक्यांचं पाणी काढा, पाइप सुटे करून हवेने फुंकून घ्या. त्यानंतर वॉल्व्ह. जुन्या कार्ट्रिजवर नवा वॉल्व्ह बसवलात तर दिवाळीत हीच चर्चा पुन्हा वर काढाल. ब्रेकच्या टाक्यांतूनही अशीच भुकटी निघाली तर ब्रेकचे वॉल्व्हही तपासून घ्या, त्यात कंजुषी नको.

नवा वॉल्व्ह बसवताना जुन्या काडीची लांबी सोडण्याआधी मोजून ठेवा. काडी थोडी लांब-आखूड झाली तरी मागची उंची बदलते. उंच दिसली की लोकांना बरं वाटतं, पण मग प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि शॉकॲब्सॉर्बर ताणलेले राहतात. डावी-उजवी उंची चॅसीपासून ॲक्सलपर्यंत मोजायची, बॉडीच्या पत्र्यावरून नाही. वीस वर्षांच्या बॉडीचा पत्रा कुठे सरळ राहिलाय!

हवाबाण

काका, विजेवरच्या कॉम्प्रेसरचं राहिलं.

वर्कशॉपकाका

लावता येतो, मी लावणार नाही. २४ व्होल्टचा घ्यावा लागेल, सस्पेन्शनच्या टाकीलाच जोडावा लागेल, मध्ये हवा उलटी न जाऊ देणारा नॉन-रिटर्न वॉल्व्ह पाहिजे, आणि ब्रेकच्या लाइनला चुकूनही हात लावायचा नाही. एवढं करून काय, तर रात्री दोन वाजता घरघर आणि सकाळी बॅटरी उतरलेली.

मूळ मुद्दा असा की ही व्यवस्था चालत्या बससाठी केलेली आहे. डेपोत रात्री गाडी थोडी बसली तर कोणाचं काही बिघडत नाही. सगळं ठाकठीक असलेली जुनी बससुद्धा दोन-तीन दिवस उभी राहिली तर बसणार, आणि चारही कोपरे सारखे बसणार नाहीत. तिला आठवडाभर सरळ ठेवायचा हट्ट हवेकडून पुरवून घेऊ नका. मुक्कामाला पोचलात की चॅसीच्या गर्डरखाली चार स्क्रू-जॅक लावा, खाली फळ्या टाका, स्पिरिट लेव्हल बघा. निघताना आधी पूर्ण हवा भरू द्या, मग जॅक काढा. आणि कोकणातल्या ओल्या मातीत फळी मोठी घ्या, नाहीतर जॅक जमिनीत जाईल आणि गाडी तिथेच.

घाटवाट

काका, माझ्याकडे घेऊन ठेवलेले दोन बलून आहेत. कोणाला हवेत?

मुलुंडकर

सध्या तरी नकोत 😄

कार्ट्रिज बदललं. ब्रेकच्या टाक्यांतून नुसतं पाणी आलं, भुकटी नाही. वॉल्व्ह दोन्ही बाजूंचे बदलले, उजव्याच्या तोंडालाही बारीक फुगा होताच. काडीची लांबी तुम्ही सांगितली तशी आधी मोजून घेतली. आता सकाळी चारातली तीन बोटं नक्की जातात. स्क्रू-जॅक कळंबोलीला बघून ठेवलेत.

शेवटची शंका. काढलेले वॉल्व्ह टाकून देऊ का? दुकानदार म्हणतो, किट टाकून चालतात.

वर्कशॉपकाका

टाकू नका. दांडा बोटाने हलवून बघा. आडवा खुळखुळत असेल तर आतली बुशी झिजली, तो भंगारात. घट्ट असेल तर आधी जुनं रबर काढून रॉकेलने धुवा आणि पुसून कोरडा करा, मग किट (नवीन रबरं) टाका, नव्या रबराला रॉकेल लागू देऊ नका. मग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाडीत ठेवा, सोबत एक एल्बो आणि हातभर पाइप. वाटेत गरज पडली तर याच वस्तू मिळत नाहीत. बलून एकवेळ कोल्हापूरहून मागवता येतो.