शब्दचर्चा: ‘नैतिक धैर्य’ की ‘निर्भीडपणा’?

घणसोली: शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मुलांकडून पीटर नॉर्मनवर लेख लिहून घेते आहे. मेक्सिको सिटी ऑलिंपिक, १९६८, दोनशे मीटर. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या काळ्या अमेरिकन धावपटूंनी वर्णभेदाच्या निषेधार्थ हातमोजा घातलेली मूठ उंचावली. रौप्यपदक मिळवणारा गोरा ऑस्ट्रेलियन नॉर्मन त्यांच्यासारखाच मानवी हक्कांचा बिल्ला छातीवर लावून उभा राहिला. ‘नैतिक धैर्य’ म्हटलं की सातवीची मुलं नुसती मान डोलावतात. बोलण्यातला शब्द कोणता घेऊ?

वाशी: हिंमत. धाडस नको, ‘धाडसी दरोडा’ पेपरात नेहमी वाचतो.

ठाणे, नौपाडा: ताई, ‘निर्भीड’ बघा. आपण तो ‘निर्भय’सारखा वापरतो, पण त्याच्या पोटात भीड आहे, आणि भीड म्हणजे भीती नव्हे. आपल्याच माणसांचं मन कसं मोडायचं, हा संकोच म्हणजे भीड. आमच्या शेजारच्या सोसायटीत एका नायजेरियन कुटुंबाला फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही असं सभेत ठरत होतं. बऱ्याच जणांना ते पटलेलं नव्हतं. कोणी मारणार नव्हतं, तरी तोंड कोणाचं उघडेना, कारण विरोध करायचा तो रोज दारात भेटणाऱ्यांना, गणपतीची वर्गणी बरोबरीने गोळा करणाऱ्यांना. शेवटी एक काकू उठल्या. “कागदपत्रं पूर्ण आहेत, भाडं वेळेवर देणार आहेत. मग अडतंय ते रंगावर ना? तसं इतिवृत्तात लिहा आणि खाली सह्या करा.” सही कोणीच केली नाही. ते कुटुंब आज तिथे राहतं.

नॉर्मनलाही किंमत मोजावी लागली ती आपल्याच देशाकडून. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकला त्याला नेलं नाही. त्याची २०.०६ सेकंदांची वेळ मात्र पन्नासहून अधिक वर्षं ऑस्ट्रेलियाचा विक्रम होती! तो २००६ मध्ये गेला, तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस आले. देशाच्या संसदेने माफी मागितली ती २०१२ मध्ये.

ऐरोली: मग अमेरिकेतल्या काळ्या रोझा पार्क्सचं काय? १ डिसेंबर १९५५, मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला तिने नकार दिला. तिला कोणाची भीड? समोर कायदा होता, पोलीस होते, अटक झाली. ज्याच्यावर अन्याय होतो त्याचं धैर्य आणि शेजारी उभा असलेल्याचं धैर्य एकाच शब्दात कोंबू नका.

ठाणे, नौपाडा: मान्य. पार्क्सला ‘बाणेदार’ शोभेल. ‘निर्भीड’ नॉर्मनला, आणि आपल्याकडे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्ध्यांना. स्वतः ब्राह्मण असून महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतिदहनाचा ठराव त्यांनी मांडला. जात आणि वंश वेगळे, पण स्वकीयांची भीड तीच. जोतीरावांना हे दोन अन्याय शेजारी ठेवताना अवघड वाटलं नव्हतं. १८७३चं ‘गुलामगिरी’ त्यांनी काळ्यांची गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं.

वाशी: ‘हिंमत’ मागे घेतो.

घणसोली: लेखात आता असं आहे: ‘नॉर्मनने आपल्या माणसांची भीड बाळगली नाही.’ शेजारी पार्क्सची चौकट घातली. तिच्यासाठी ‘बाणेदार’ सांगितला, पण एका मुलीने ‘ती बधली नाही’ असं लिहून आणलं. तेच ठेवलं आहे.