कंपन्यांच्या घरखरेदीला लगाम : नुकसान नक्की कुणाचं?

ग्विनेटकर
'अर्थार्थी' यांनी दुसऱ्या धाग्यावर लिहिलंय की मोठ्या गुंतवणूकदारांना स्वतंत्र घरं घेण्यापासून रोखणारे अमेरिकेतल्या राज्यांचे कायदे म्हणजे निव्वळ मतांचं राजकारण. देशातल्या भाड्याच्या स्वतंत्र घरांपैकी जेमतेम 3 टक्के घरं या कंपन्यांकडे आहेत, तेव्हा बिडिंगमध्ये हरलेल्यांनी त्यांच्या नावानं खडे फोडू नयेत, असं त्यांचं म्हणणं. मला ते फार लागलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

3 टक्के हा अख्ख्या देशाचा आकडा. मी घर अख्ख्या देशात शोधत नव्हतो, अटलांटाच्या उपनगरात शोधत होतो. जीएओ या अमेरिकी संसदेसाठी तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या ज्या 2024 च्या अहवालातून तो आकडा आलाय, त्यातच अटलांटाचा 25 टक्के, जॅक्सनव्हिलचा 21 आणि शार्लटचा 18 टक्के आहे. तो का गाळला?

2021 मध्ये आम्ही दोघंही नोकरीत होतो, कर्जाचं प्री-अप्रूव्हल (आगाऊ मंजुरी) हातात होतं. मागितलेल्या किमतीच्या वर ऑफर दिली, घराची तपासणी करून घ्यायची अटही सोडली. घर रोखीवाल्या कंपनीला गेलं आणि थोड्याच दिवसांत तेच घर भाड्यानं द्यायला लागलं. आम्ही ज्या घरासाठी कर्ज काढायला निघालो होतो, त्याच घराचं भाडं भरायचं आमंत्रण आम्हाला!

आणि हा म्हणे मोकळा बाजार. 2012 मध्ये जप्तीतली घरं फॅनी मे या सरकारी आधारावरच्या गृहकर्ज संस्थेनं गुंतवणूकदारांना गठ्ठ्यानं विकली. 2017 मध्ये त्याच फॅनी मेनं इन्व्हिटेशन होम्स या घरं भाड्यानं देणाऱ्या बड्या कंपनीच्या 100 कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली. कंपन्यांना सरकारची हमी चालते, मग न्यूयॉर्कनं 2025 मध्ये त्यांना बोली लावण्याआधी 90 दिवस थांबायला सांगितलं तर एवढा आरडाओरडा कशाला? आधी राहायला येणाऱ्याला संधी मिळू द्या, एवढंच मागणं आहे.

अर्थार्थी
तुमच्या घराचं वाईट वाटतं, पण एका घरावरून धोरण ठरत नाही. 2005 मध्ये अमेरिकेत वीस लाखांवर घरांची कामं सुरू झाली होती, 2009 मध्ये साडेपाच लाख. पुढची कित्येक वर्षं ती तूट भरलीच नाही. तुटवडा होता म्हणून कंपन्या आल्या. त्यांना हाकललंत तरी तुटवडा जागच्या जागीच राहणार.

नेदरलँड्समध्ये 2022 पासून भाड्यानं देण्यासाठी घर घ्यायला काही वस्त्यांत बंदी आहे. रॉटरडॅममध्ये त्याचा अभ्यास झाला. घरांच्या किमती उतरल्या नाहीत, भाडी मात्र सुमारे 4 टक्क्यांनी वाढली. भोगलं कुणी? भाडेकरूंनी.

ग्विनेटकर
त्याच अभ्यासात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं प्रमाण वाढलं असंही निघालं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. कायद्याचा हेतूच तो होता!

अर्थार्थी
वाढलं, मान्य. पण जे मालक झाले ते आधीच्या भाडेकरूंपेक्षा जास्त कमावणारे होते. गरीब बाहेर, बरे पगारवाले आत. याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा.

रेवा_शार्लट
तुम्ही दोघं भाडेकरूच्या नावानं भांडताय, तर भाडेकरूलाही बोलू द्या. आम्ही एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, ग्रीन कार्डची रांग संपायचं नाव नाही. नोकरी गेली तर 60 दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बाड-बिस्तरा बांधायचा. अशात तीस वर्षांचं कर्ज कुठल्या भरवशावर घ्यायचं? मुलीला चांगली शाळा मिळाली ती या भागात कंपनीचं घर भाड्यानं मिळालं म्हणून. अपार्टमेंटं सगळी दुसऱ्या शाळेच्या हद्दीत आहेत.

ती कंपनी चांगली आहे असं मात्र मी म्हणणार नाही. छत गळायला लागलं तेव्हा अ‍ॅपवर तक्रार टाकायची आणि दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायचं. भिंतीला बुरशी आली तरी कुणी फिरकलं नाही. भाडं मात्र दरवर्षी न चुकता वाढतं.

ग्विनेटकर
रेवाताई, ही तक्रार तुमच्या एकटीची नाही. लपवलेली शुल्कं आणि डिपॉझिटच्या प्रकरणात एफटीसी या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं 2024 मध्ये इन्व्हिटेशन होम्सकडून 4 कोटी 80 लाख डॉलरची तडजोड करून घेतली.

फ्रिस्कोचा_दादा
कंपन्यांचं काय व्हायचं ते होवो. आज त्यांच्यावर आलेला कायदा उद्या आपल्यावर येणार, हे कुणी बोलत नाही. माझी तीन घरं आहेत, रात्रंदिवस राबून घेतलेली. एकाच्या एचओएनं (वस्तीचे नियम ठरवणाऱ्या घरमालकांच्या संघानं) मतदान घेऊन भाड्याच्या घरांवर मर्यादा आणली. माझा भाडेकरू गेला आणि माझं नाव थेट प्रतीक्षायादीत! हप्ता माझा, टॅक्स माझा, आणि माझ्या घरात कोण राहणार हे शेजारी ठरवणार. इंडियानातल्या फिशर्स शहरानं तर 2025 मध्ये प्रत्येक वस्तीत भाड्याची घरं 10 टक्क्यांवर जाऊ द्यायची नाहीत असा नियमच केला.

उत्तरा_के
मी आमच्या एचओए बोर्डावर आहे आणि अशा मर्यादेच्या बाजूनं मत दिलंय. आमच्या रस्त्यावर भाड्याची घरं वाढत गेली तशी बैठकांना माणसं येईनाशी झाली. कुंपण पडलं तर फोन कुणाला करायचा कळत नाही, कारण मालक कॅलिफोर्नियात. वस्ती सांभाळायला माणसं लागतात, दादा. दुरून भाडं गोळा करणाऱ्यांनी ती सांभाळली जात नाही.

रेवा_शार्लट
उत्तराताई, म्हणजे माझ्यासारखे लोक वस्ती बिघडवतात? मी माझ्या अंगणाची किती निगा राखते ते येऊन बघा. तुमच्या गवताच्या उंचीसाठी माझ्या मुलीनं शाळा सोडायची का?

उत्तरा_के
माझा राग भाडेकरूंवर नाही, मालकांवर आहे. पण तुमच्यासारखी कुटुंबं त्यात भरडली जातात हे खरं, आणि मतदानाच्या वेळी तो विचार आमच्या बैठकीत कुणीच मांडला नाही.

पिंपळगावकर_डॅलस
दादांना राग येईल तरी लिहितो. आपली मंडळी स्वतःला छोटे गुंतवणूकदार म्हणवतात. बिल्डरनं नवा टप्पा उघडला की व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरतात, चारचौघं मिळून एलएलसी (मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी) काढतात आणि चावीसुद्धा हातात न घेता घर भाड्याला लावतात. मी पहिलं घर घेत होतो तेव्हा माझ्यापुढच्या रांगेत वॉल स्ट्रीट नव्हतं, आपलेच लोक होते. इथे वॉल स्ट्रीटला शिव्या देणाऱ्यांपैकी किती जणांचं दुसरं घर आहे, सांगा.

फ्रिस्कोचा_दादा
दुसऱ्याच्या मेहनतीवर डोळा ठेवणं ही आपली जुनी खोड! मी काय चोरी केली? पेन्शन नाही, गावाकडे आईवडील आहेत, म्हातारपणाची सोय म्हणून घरं घेतली. भाडेकरूचा फोन आला तर रात्री मी स्वतः जातो. रेवाताईंच्या कंपनीतून कुणी जातं का?

पिंपळगावकर_डॅलस
जात असाल, चांगलंच आहे. पण तेवढ्यानं माझं हुकलेलं घर मला मिळत नाही.

ग्विनेटकर
दादा, न्यूयॉर्कच्या कायद्याला किमान दहा घरं लागतात, शिवाय कोट्यवधी डॉलरची मालमत्ता. तुमची तीन घरं त्याच्या आसपासही नाहीत. एचओएची मर्यादा ही वेगळी गोष्ट. कंपन्यांना ढाल हवी असते आणि ती तुम्ही फुकट पुरवताय.

अर्थार्थी
रात्री शांतपणे सगळं वाचलं. 90 दिवसांच्या थांब्याला माझा विरोध नाही, त्यानं भाड्याची घरं एकदम आटणार नाहीत. सरसकट बंदीला मात्र आहे, आणि भाड्यानं देण्यासाठीच नवी घरं बांधणाऱ्यांना त्यात ओढण्याला तर कडाडून. ते घरांची संख्या वाढवतात. टेक्सासनं 2025 मध्ये मोठ्या शहरांतल्या नव्या वसाहतींत छोट्या प्लॉटवर घरं बांधायची वाट मोकळी केली. तुमचा हा जोर तिकडे लावा.

ग्विनेटकर
लावू की, दोन्हीकडे लावू. पण आधी मालक कोण ते तरी कळू द्या. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या 2024 च्या अभ्यासात अटलांटा परिसरातल्या पाच काउंट्यांत तीन कंपन्यांकडे मिळून 19 हजारांहून जास्त घरं निघाली, तीही 190 हून अधिक वेगवेगळ्या नावांखाली. खरा मालक उघड करायची सक्ती नसेल तर दहाची मर्यादा घाला नाहीतर दोन हजारांची, मोजणार कशी?

रेवा_शार्लट
त्यात माझंही एक घाला. कंपनी घर विकायला काढते तेव्हा आम्हाला नोटीस येते आणि घर दुसऱ्या कंपनीला गठ्ठ्यात जातं. आत राहणाऱ्या कुटुंबाला आधी विचारायची सक्ती करा. आज माझी घ्यायची तयारी नसेल, पण निदान विचारा तरी.