छोटं वाफेचं इंजिन नव्याने काढायचं तर देखभालीच्या दृष्टीने काय बदलाल?

दादरचा_पाना: ६१० मिमी गेजचं (रुळांमधलं अंतर), कोळशावर चालणारं टँक इंजिन, म्हणजे पाण्याच्या टाक्या अंगावरच वाहणारं, कागदावर मांडतोय. चाकं माथेरानच्या जुन्या इंजिनांसारखी, ०-६-०, म्हणजे सहाच चाकं आणि सगळी ओढणारी. रोज दोनच माणसं हाताशी असतील आणि पावसाळ्यात चार महिने गाडी मुंबईतल्याच शेडमध्ये उभी राहील. कोळसा थोडा जास्त खाल्ला तरी चालेल, पण पाना घेऊन इंजिनाखाली आडवं पडणं कमी व्हायला हवं. सिलिंडर फ्रेमच्या आत घ्यावेत का? रोलर बेअरिंग परवडतील का?

राखवाला: आतले सिलिंडर विसरा. दोनच, तेही बाहेर, आणि वॉलशर्ट्स गियरही (सिलिंडरमध्ये वाफ सोडणारे व्हॉल्व्ह हलवणारी दांड्यांची जोडणी) बाहेरच. आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी या वाफेच्या इंजिनांत हेच होतं. शिवाय पॅसेंजर आणि मालगाडीच्या या दोन इंजिनांना बॉयलर एकाच जातीचा, म्हणजे शेडला सुटे भाग कमी ठेवावे लागत.

त्याआधी रोजची कामं बघा. सगळ्यात कंटाळवाणं काम राखेचं. ज्याने घरचा बंब पेटवलाय त्याला सांगायला नको. कोळसा जिच्यावर जळतो ती जाळी हलणारी घ्या, खाली उतरत्या बाजूंचा ॲशपॅन (राख पडायचं पात्र), तळाला दार आणि दाराचा दांडा इंजिनाच्या बाजूने हलवता येईल असा. अरुंद गेजवर चाकांच्या आत फ्रेम घेतली तर ॲशपॅनला जागाच उरत नाही, बाजू सपाट होतात आणि राख सळईने ओढावी लागते. म्हणून फ्रेम चाकांच्या बाहेर घ्या. जाळीच्या दांड्याला खटका हवाच. क्लिंकरचा (वितळून घट्ट झालेल्या राखेचा) खडा फटीत अडकून जाळी अर्धवट उघडी राहिली, तर चालत्या गाडीत विस्तव खाली जातो.

वॉशआउट_बुधवार: टँक इंजिनात हमखास होणारी चूक: बाजूच्या टाक्या फायरबॉक्सपर्यंत (विस्तवाच्या पेटीपर्यंत) ओढतात आणि बॉयलर धुवायच्या भोकांचे प्लग त्यांच्यामागे जातात. मग बॉयलर धुवायला आधी टाकी उतरवा! टाक्या फायरबॉक्सच्या अलीकडेच संपवा. फायरबॉक्सच्या तळच्या रिंगच्या चारही कोपऱ्यांत प्लग हवेत, म्हणजे होजचं तोंड प्रत्येक बाजूच्या पूर्ण लांबीवर फिरतं. फायरबॉक्सच्या छताच्या पातळीवर दोन्हीकडे आणि पुढच्या ट्यूबप्लेटच्या (ट्यूबची टोकं बसवलेल्या पत्र्याच्या) खालीही एकेक द्या. तिथे गाळ राहिला की पाणी पत्र्याला टेकत नाही आणि पत्रा तापून फुगतो.

स्टेला, म्हणजे फायरबॉक्सचे आतले-बाहेरचे पत्रे जोडून धरणाऱ्या सळईला, बाहेरून भोक पाडलेलं असतं. स्टे बहुधा बाहेरच्या पत्र्याला लागून तुटतो आणि भोकातून पाणी दिसतं. दिसेल तेव्हा ना! त्यावर पत्र्याचं वेष्टन ठेवायचं असेल तर ते चार बोल्ट काढून निघेल असं करा. फ्युजिबल प्लगही (पाणी कमी झालं की वितळणारा, फायरबॉक्सच्या छतातला शिशाचा प्लग) हात पोचेल तिथे हवा. १२ बार दाबाला पाणी १९१ अंशांच्या आसपास उकळतं आणि शिसं ३२७ला वितळतं, त्यामुळे डोक्यावर पाणी असेपर्यंत प्लग शाबूत राहतो. पण वर खवल (पाण्यातल्या क्षारांचा थर) चढली तर पाणी असूनही तो वितळू शकतो.

धुराडं: रोलर बेअरिंगबद्दल वेगळं मत. अमेरिकेत नॉर्फोक अँड वेस्टर्नच्या जे वर्गात ती रॉडवरसुद्धा (चाकं फिरवणाऱ्या दांड्यांवर) होती, पण ती इंजिनं लांब पल्ला वेगाने तोडायची. तुमच्या चालीला व्हाइट मेटलचा (मऊ मिश्रधातूचा) ॲक्सलबॉक्स, म्हणजे ॲक्सल ज्यात फिरतो ती पेटी, पुरे. झिजला की दोन माणसं हातानेच खरवडून बसवतात. पैसा वेजवर (ॲक्सलबॉक्सच्या बाजूच्या पाचरीवर) घाला. हॉर्नमधला, म्हणजे ॲक्सलबॉक्स बसतो त्या फ्रेमच्या खाचेतला, खेळ बाहेरून एका बोल्टने भरता आला पाहिजे, नाहीतर ठोके सुरू होतात आणि पाठोपाठ रॉडची बुशं जातात.

आणि माथेरानच्या इंजिनांचे क्लिन-लिंडनर ॲक्सल (वळणावर चाकांना थोडं वळू देणारे) मात्र उचलू नका. वळणांसाठी अफलातून, पण पोकळ ॲक्सलच्या आतला गोल सांधा किती झिजलाय हे चाकं काढल्याशिवाय कळत नाही. वळणं सौम्य असतील तर मधल्या चाकाची फ्लँज (रुळाच्या आतली कड) बारीक करून भागतं.

दादरचा_पाना: चाकांचं पटलं. पावसाळ्याचं काय?

राखवाला: इंजिन गंजायला लागतं स्मोकबॉक्सच्या (चिमणीखालच्या धुराच्या पेटीच्या) तळापासून. राखेतलं गंधक आणि दमट हवा मिळून आम्ल बनतं, ते पत्रा खातं. तळाला बदलता येईल असा जाड पत्रा टाका. शेवटच्या फेरीनंतर राख कोरडी असतानाच झाडा, ट्यूब ब्रशने साफ करा, चिमणी झाका. बॉयलर कोमट असताना रिकामा करून पूर्ण सुकवा, आत कळीच्या चुन्याचे ट्रे ठेवून सगळे प्लग बंद करा. चुना विरला की बदला. अर्धवट पाणी ठेवणं सगळ्यात वाईट, पाण्याच्या रेषेवरच खड्डे पडतात. टाकी आणि इंजेक्टरच्या (बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या यंत्राच्या) पाइपांना सर्वांत खालच्या जागी ड्रेन कॉक द्या.

पाणी नळाचंच घ्या. तलावांचं असल्याने मऊ आहे, खवल कमी धरते. किनाऱ्याजवळच्या बोअरचं खारं पाणी भरलंत तर बॉयलर फेसाळतो आणि ते पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं.