विन ९४.६ची जुनी रेकॉर्डिंग कुणाकडे आहेत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मुंबईत २००२ साली एकदम पाच खासगी एफएम केंद्रं आली: रेडिओ सिटी, मिर्ची, रेड, गो ९२.५ आणि विन ९४.६. यातलं विन २००५मध्ये बंद पडलं. त्याच्याबद्दल माहिती जमवतोय.

बंद पडण्याचं मोठं कारण म्हणजे परवाना शुल्क. लिलावात कोट्यवधींची बोली, वर दरवर्षी १५ टक्के वाढ; जाहिराती येवोत न येवोत, पैसे भरायचेच. बातम्यांना बंदी, त्यामुळे सगळे गाण्यांवरच तुटून पडलेले. पुढे २००५च्या धोरणात उत्पन्नाच्या ४ टक्क्यांचा हिशोब आला, पण विनसाठी फार उशिरा. (वरातीमागून घोडं, दुसरं काय!)

तेव्हा आमच्यासारखे बरेच जण टू-इन-वनवर कॅसेट लावून गाणी टेप करायचे. गाण्याआधी निवेदक बोलला की चिडचिड व्हायची. आज मला नेमकं तेच बोलणं हवंय. जिंगल, निवेदन, स्टिकर, वर्तमानपत्रातली जाहिरात, काहीही चालेल. माळ्यावरचे खोके जरा बघाल का? आणि बुरशी लागलेली कॅसेट न तुटता डिजिटल कशी करायची, हेही कुणी सांगा.