रूट ६६ : नकाशा सारखा आय-४० वर नेतो, जुना रस्ता कसा धरायचा?

खडीवाट
ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत भाड्याच्या साध्या सेडानने ओक्लाहोमा सिटी ते कॅलिफोर्नियातलं बार्स्टो असं रूट ६६ या जुन्या महामार्गाने जायचं आहे. फोनचा नकाशा दर वेळी आय-४० या आजच्या मोठ्या महामार्गावरच नेतो. 'हायवे टाळा' केलं तर भलतीकडेच. १९८५ साली हा रस्ता बंद केला म्हणतात, मग उरलेला कुणाच्या ताब्यात आहे? आणि कुठले तुकडे धरावेत?

मैलदगड
२७ जून १९८५ ला ६६ हा क्रमांक महामार्गांच्या यादीतून निघाला. डांबर जागेवरच राहिलं, फक्त राज्य, काउंटी (तिथला जिल्हा) आणि शहरं यांच्यात वाटलं गेलं. म्हणून हद्द ओलांडली की रस्त्याचा दर्जा बदलतो. काही भाग आय-४० च्या खालीच गाडला गेलाय, तिथे इलाज नाही.

मार्गही एकच नव्हता. १९३७ पर्यंत तो सान्ता रोसाहून वर सान्ता फेला जाऊन अल्बुकर्कीला उतरायचा, नंतर सरळ पश्चिमेला काढला. कुठल्या काळातला मार्ग हवा ते आधी ठरवा.

नकाशात एकदम बार्स्टो घालू नका. लागोपाठची दोन गावं घाला, मध्ये जुन्या रस्त्यावर एक पिन टाका. थांब्यांना मर्यादा असते, त्यामुळे रोजची यादी वेगळी करा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. आय-४० ला समांतर जाणारे पट्टे बरेचदा ओढ्यापाशी संपतात. 'डेड एंड' पाटी दिसली की पुढे जाऊ नका.

टेक्सासच्या हद्दीवरचं ग्लेनरिओ ते न्यू मेक्सिकोतलं सान जॉन हा जुना पट्टा खडी-मातीचा आहे. पावसानंतर टाळाच. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाई असते, तेही वाचून घ्या.

घाटमाथा
अ‍ॅरिझोनाला जास्त वेळ ठेवा. अ‍ॅश फोर्कनंतर १३९ नंबरच्या एक्झिटला क्रूक्टन रोड धरा. तिथून सेलिगमन, पीच स्प्रिंग्ज, हॅकबेरी, किंगमन आणि पुढे टोपॉकपर्यंत सलग जुना रस्ता मिळतो. १९७८ मध्ये आय-४० ने सेलिगमनला वळसा घातला आणि गावाचं गिऱ्हाईकच आटलं. तिथले न्हावी एंजल डेलगाडिलो आणि इतरांनी १९८७ मध्ये जुना रस्ता जपण्यासाठी संघटना उभारली, त्याच वर्षी राज्याने सेलिगमन-किंगमन पट्टा ऐतिहासिक जाहीर केला. आज बाकी राज्यांत जे जतन दिसतं, त्याची वाट या गावाने दाखवली.

खडीवाट
धन्यवाद! किंगमनपुढचा ओटमन घाट सेडानला जमेल का?

घाटमाथा
जमेल. ४० फुटांहून लांब वाहनांना बंदी आहे. सिटग्रीव्ज खिंडीनंतरचा उतार खालच्या गिअरमध्ये उतरा. नुसत्या ब्रेकवर राहिलात तर ते तापतात. बऱ्याच वळणांना कठडा नाही, अंधारात जाऊ नका. या चढावर जुन्या गाड्या उलट्या, रिव्हर्समध्ये चढवत: टाकीतलं पेट्रोल पंपाशिवाय, निव्वळ उताराने इंजिनात येई, नाक वर झालं की पुरवठा तुटे.

मैलदगड
कॅलिफोर्नियात अँबॉयच्या बाजूचे जुने लाकडी पूल वाळवंटी ओघळांवर आहेत. वळवाच्या लोंढ्याने ते उखडतात आणि रस्ता दीर्घकाळ बंद राहतो. निघण्याआधी सान बर्नार्डिनो काउंटीची बंद रस्त्यांची यादी पाहा. पूर्वेचा भाग बंद असेल तर आय-४० वरून केलबेकर रोडने खाली उतरा, अँबॉय गाठता येतं. बॅरिकेड ओलांडू नका, पुढचा पूल नसेलही. पेट्रोल अ‍ॅरिझोनातच भरा, कॅलिफोर्नियात महाग पडतं. माणशी चार-पाच लिटर पाणी गाडीत असू द्या. त्या पट्ट्यात फोनला रेंज नसते.