मदत हवी आहे: पचमढी, फक्त बस आणि पाय. जिप्सी नको

तर्रीपोहे (धागाकर्ता), रात्री ९:४०
जरा तातडीचं आहे. पुढच्या शुक्रवारी पचमढीला जातोय, अडीच दिवस. बसने जायचं, बस सोडेल तिथून चालायचं. जिप्सी करायची नाही, टॅक्सी करायची नाही. यूट्यूबवर दहा व्हिडिओ बघितले, दहाही जण जिप्सीत बसूनच बोलतात. पायी होण्यासारख्या वाटा कुठल्या आणि बस कुठवर नेते, एवढंच सांगा. उद्या सकाळी सुट्टीचा अर्ज टाकायचाय.

पेठेतला, ९:५२
सोपं आहे. रेल्वेने पिपरियाला उतरा. इटारसी-जबलपूर मार्गावर आहे, मुंबईहून जबलपूरमार्गे जाणारी हावडा मेल थांबते. स्टेशनाबाहेरून पचमढीची बस किंवा शेअर जीप मिळते, पन्नास-बावन्न किलोमीटर. आम्ही २०१९ ला असेच गेलो होतो. परतीचं आरक्षण मात्र आधी करा.

कोळंबी_राईस, १०:०४
कुठून निघताय? किती जण? चालायची सवय आहे का? काहीच लिहिलेलं नाही आणि म्हणे तातडीचं.

तर्रीपोहे, १०:१५
नागपूरहून. अजून कुठून? आयडी वाचा की. तिघं आहोत.

पेठेतला, १०:१८
मग इटारसीला गाडी बदलून पिपरिया.

सावनेरकर, १०:३१
नागपूरच्या माणसाने इटारसीला वळसा घालून पिपरियाला जायचं म्हणजे कामठीला जायला वर्ध्याहून जाण्यातला प्रकार. सरळ रस्ता आहे: सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली, पचमढी. अडीचशेच्या वर किलोमीटर, सात तास धरून चाला. थेट बस मिळते. नाही मिळाली तर छिंदवाड्यापर्यंत जा आणि तिथे बदला. गणेशपेठच्या एमपी बस स्टँडवर आदल्या दिवशी स्वतः जाऊन विचारा. नेटवरच्या वेळा बघून जाऊ नका. मध्य प्रदेशचं सरकारी परिवहन महामंडळ २००५ मध्येच गुंडाळलं, तिकडे सगळ्या खाजगी बस. मालकाच्या मनात येईल तेव्हा वेळ बदलते.
अवांतर: सौंसरच्या आधी उजवीकडे जामसावळीचा फाटा लागतो. निजलेला मारुती बघायचा राहून जातो सगळ्यांचा.

मोहाची_फुलं, १०:४०
फाटा डावीकडे आहे.

सावनेरकर, १०:४१
परत येताना उजवीकडे.

रानगवा_७, १०:४४
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अडीच दिवसांत पायी पचमढी हा हट्ट आहे. धूपगड, रीछगड, बडा महादेव, हांडी खोह एका दिशेला नाहीत. धूपगडला तर तुमची स्वतःची गाडीही नेता येत नाही, वनखात्याकडे नोंदलेली जिप्सीच लागते. तिथली परवानगी आणि तिकिटं बायसन लॉजला मिळतात. १८६२ ची इमारत आहे, आता संग्रहालय केलंय, तेही बघून होईल. तिघांत जिप्सी वाटून घ्या, काही फार पडत नाही. १३५२ मीटरवरचा सातपुड्याचा माथा आहे तो, सूर्यास्त बघितला नाही तर गेलात कशाला?

पायपीट, १०:५८
माणूस 'जिप्सी नको' म्हणतोय ते शीर्षकात लिहिलंय. शीर्षकात!
पायी होण्यासारखं भरपूर आहे. पचमढी हे कॅन्टोन्मेंटचं गाव, पठारावर वसलेलं, रस्ते सावलीचे आणि जवळजवळ सपाट. बस स्टँडवरून जटाशंकर दोनेक किलोमीटर. शेवटी घळीत पायऱ्यांनी उतरायचं, दोन्ही बाजूंना वालुकाश्माच्या भिंती आणि डोक्यावर अडकलेले धोंडे. उन्हातून आत गेलं की एकदम गार वाटतं. दुसऱ्या बाजूला पांडव गुंफा, तिथून पुढे अप्सरा विहार, आणि तिथून दहा मिनिटं चाललं की रजत प्रपातासमोरचा कडा. ही एक सकाळ. बी फॉल दुसऱ्या सकाळी, जाताना पायऱ्या उतरायच्या असल्यामुळे सगळे खूश असतात, येताना कोणी बोलत नाही. वाटेत माकडं आहेत. हातात पिशवी धरू नका, पाठीला सॅक. बिस्किटाचा पुडा दिसला की तो त्यांचा.

दोन_चाकं, ११:०६
सायकल घ्या. बाजारात भाड्याने मिळते. जिप्सीही नाही, पायपीटही नाही. मी चार दिवस सायकलवर हिंडलो. चढाला उतरून ढकलायची, त्यात काय.

पायपीट, ११:०९
चढाला उतरून ढकलायची म्हणजे पायी जायचं, फक्त पंधरा किलो लोखंड घेऊन.

बेसाल्ट_बुवा, ११:२७
सह्याद्रीत चालणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण पाय घसरतात ते इथेच. आपला दगड काळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. बसने जाताना छिंदवाडा सोडेपर्यंत बऱ्याच ठिकाणी तोच दिसेल. परासियाला कोळशाच्या खाणी लागल्या की समजा जुन्या गोंडवन थरांत शिरलात. पचमढीचा दगड नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा आहे, वीस कोटी वर्षांहून जुना. कड्यात तिरप्या रेघा दिसतील, त्या म्हणजे त्या वेळच्या प्रवाहाने सरकवलेली वाळू. एका दिशेला कललेल्या रेघा बघून नदी कुठे वाहत होती ते सांगता येतं.
कामाची गोष्ट अशी की हा दगड कोरडा असताना पायाला छान पकड देतो, पण सपाट कातळावर सुटे कण पसरलेले असतात. उतारावर ते पायाखाली मोहरीसारखे फिरतात. ओढ्याकाठी शेवाळ असेल तर चप्पल घालून जाऊच नका. आणि कड्याच्या टोकाशी फोटोसाठी उभं राहू नका. वालुकाश्माचे कडे बऱ्याचदा खालून झिजून पोकळ झालेले असतात, वरून कळत नाही.

कोळंबी_राईस, ११:३१
वीस कोटी वर्षं वाचून झाली. धागाकर्ते, कुठल्या महिन्यात जाताय? की तेही आयडीवरून ओळखायचं?

चौऱ्या_बाबा_की_जय, ११:३८
भाऊ नागद्वारीची यात्रा करा! पायी जायची खरी वाट तीच हाये. जळगलीपासून चालाले लागा, काजरी, पद्मशेष, चित्रशाळा माता, स्वर्गद्वार. सात पहाड चढाउतराचे. पाऊस वरून, चिखल खालून, आन् सगळे अनोळखी लोक तुमाले 'भगत' म्हणून आवाज देतात. मी बारा वर्सं गेलो. लोखंडी शिड्या लावल्या आता, पह्यले तेबी नोते.

पायपीट, ११:४१
नागद्वारी वर्षातून फक्त नागपंचमीच्या आसपास उघडते, आठ-दहा दिवस. एरवी तो भाग व्याघ्र प्रकल्पाचा, बंद. आता डिसेंबर चालू आहे, दादा.

चौऱ्या_बाबा_की_जय, ११:४४
मंग पुढच्या वर्सी करा.

पेठेतला, ११:४९
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

मोहाची_फुलं, सकाळी ६:५०
खरं चालायचं असेल तर पचमढीपर्यंत जाताच कशाला? त्याच बसने तामियाला उतरा. विश्रामगृहाजवळच्या कड्यावरून सकाळी खाली नुसतं धुकं दिसतं. तिथून पातालकोट वीसेक किलोमीटर. भारिया आदिवासींच्या वाड्या, बाराशे फूट खोल दरी, गर्दी नाही. मात्र गावात शिरताना कॅमेरा आधी काढू नये, आधी राम राम करावा. मी शिक्षक असताना...

रानगवा_७, ७:१५
तामिया ते पातालकोट कशाने जाणार, बसने? जीप लागतेच. म्हणजे जिप्सी नको आणि जीप चालते?

मोहाची_फुलं, ७:२२
शेअर जीपमध्ये कोंबड्याही असतात. तो वेगळा अनुभव आहे.

तर्रीपोहे, ७:४०
मंडळी, पातालकोट नको, सायकल नको, नागद्वारी नको. मुळात चौरागडला जायचंय. तिथवर बस जाते का? वाट किती वेळाची?

कोळंबी_राईस, ७:४३
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं.

चौऱ्या_बाबा_की_जय, ७:४८
अबे मंग सरळ सांगा ना, महादेवाले जाऊन राहिलो म्हणून! रातभर ट्रेक-ट्रेक करून राहिले. तिघं कोण कोण?

तर्रीपोहे, ८:०२
मी, धाकटा भाऊ, आई. आईचं वय ६३. डाव्या गुडघ्याचं दुखणं आहे, पण ऐकत नाही. भावाच्या नोकरीचा नवस होता, त्रिशूळ वाहायचाय. जिप्सी नको हे तिचंच. म्हणते, 'महादेवाले कोनी गाडीत बसून जाते का?' तिची आई लहानपणी पायी गेली होती, तेव्हापासून घरात तेच ऐकतोय.

पायपीट, ८:१०
आता चित्र वेगळं झालं. माझा वरचा सगळा प्रतिसाद बाजूला ठेवा.
महाशिवरात्रीच्या जत्रेत गाड्या बडा महादेवपर्यंत चालू असतात, आपली एसटीही नागपूरहून जादा बस सोडते. पण डिसेंबरात बस तुम्हाला गावात सोडणार. गावातून बडा महादेव दहा किलोमीटर. तिथून चौरागड साडेतीन-चार किलोमीटर, तेराशेच्या आसपास पायऱ्या, मध्ये उतार लागतो आणि मग पुन्हा चढ. तो उतार माणसाला फसवतो, वाटतं संपलं. येतानाही तेच सगळं उलटं. म्हणजे गावातून गावात जवळजवळ अठ्ठावीस किलोमीटर. दुखऱ्या गुडघ्याने एका दिवसात होणार नाही. दहा किलोमीटरचा डांबरी रस्ता गाडीने करा आणि पायऱ्या आईंना पायी चढू द्या.

रानगवा_७, ८:१३
म्हणजे जिप्सी. धन्यवाद.

पायपीट, ८:१४
फक्त दहा किलोमीटर. आणि टॅक्सीही चालते.

चौऱ्या_बाबा_की_जय, ८:२५
मायले असं सांगा भाऊ, की आपली चढाई बडा महादेवच्या पाया पडल्यावर सुरू होते. आमची आजी म्हणे, महादेव आपला जावई, जावयाच्या दारापर्यंत बैलगाडीनंच जातात, दारातून आत पायी. आयकतीन त्या. पह्याटे निघा, थंडी लय रायते, शाल ठेवा. पायऱ्या उतरताना गुडघा जास्त बोलते, चढताना नाही. काठी उतरायसाठी जपून ठेवा.

बेसाल्ट_बुवा, ८:३३
उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो हे बरोबर. पायरीवर तिरपं उतरावं, दुखरा पाय आधी खाली. चढताना चांगला पाय आधी.

तर्रीपोहे, ८:५१
जावयाचं आईला वाचून दाखवलं. हसली. म्हणाली बघू. म्हणजे हो.
मग असं ठरवतो: शुक्रवारी सकाळची थेट बस, संध्याकाळी गावात मुक्काम. शनिवारी पहाटे महादेवपर्यंत टॅक्सी, मग चौरागड, दिवसभर तेवढंच. रविवारी आई झोपली असेल तेव्हा मी आणि भाऊ जटाशंकर करून येतो, दुपारी परत.

सावनेरकर, ९:००
रविवारी दुपारी थेट बस मिळेल या भरवशावर राहू नका. पचमढीला उतरल्या उतरल्या, सामान खाली ठेवायच्या आधी, परतीच्या बसची वेळ ड्रायव्हरलाच विचारा. चुकलीच तर छिंदवाड्याची पकडा, तिथून नागपूरला पुष्कळ बस आहेत.
त्रिशूळ किती मोठा आहे?

तर्रीपोहे, ९:०६
आईच्या खांद्याएवढा. का?

सावनेरकर, ९:१२
मग वरच्या फळीवर राहणार नाही. टोकांना सुती कापड गुंडाळा, वरून सुतळी, आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटला टेकवून उभा ठेवा. सिल्लेवानीच्या घाटात वळणावर आडवा पडतो आणि मग सगळी बस जयजयकार करते.

तर्रीपोहे, ९:१५
लगेज लावतात का त्याचं?

चौऱ्या_बाबा_की_जय, ९:१७
मायच्या हातात द्या. कोनी मागत नाही.

पेठेतला, ९:२०
मागितलं तर पिपरियाहून या.

नवा_भिडू, दुपारी १:३५
धागा वर काढतोय. पातालकोटला मोबाइलला रेंज येते का?