एकच कॉम्प्युटर, वापरणारे तिघं, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी?

मोंढ्यातला_आडत्या (लातूर):
नमस्कार मंडळी. आमचं मोंढ्यात आडतीचं दुकान हाय, वडील, मुनीमकाका अन् मी असे तिघं बसतो. कॉम्प्युटर एकच, आय-थ्री सातव्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम, विंडोज १० होम. त्यावरच हिशोबाची टॅली, त्यावरच पट्टीचं (शेतकऱ्याला द्यायच्या मालाच्या हिशोबाच्या कागदाचं) सॉफ्टवेअर, बाजूला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला अन् हे मशीन विंडोज ११ ला पास होईना.

तिघांचा लॉगिन एकच, पासवर्ड नाही. मागच्या सीझनला सोयाबीनची आवक जोरात होती तवा एका पट्टीत १४ कट्ट्यांचे ११ झाले, शेतकरी समोर उभा अन् आम्ही तिघं एकमेकांकडं बघायलोत. काटापट्टी, म्हणजे वजनाची चिठ्ठी, सापडली म्हणून पैसे बरोबर गेले, पण वडलांनी मुनीमकाकांकडं ज्या नजरेनं बघितलं ते मला अजून टोचतंय, २५ वर्षं झाली त्यांना आमच्याकडं. आता एक जण म्हणायलाय विंडोज सर्व्हर टाका, भाचा म्हणायलाय उबंटू लिनक्स टाका, फुकट हाय. काय करू?

हार्डवेअरवाला_जालना:
भाऊ, तिघं एकाच टायमाला बसणार का आळीपाळीनं? सगळं ह्याच्यावरच हाय.

आळीपाळीनं असेल तर कोणतीही विंडोज चालती, होमसुद्धा. तीन वेगळी अकाउंट करा, झालं. पण एकाच मशीनवर दोघांनी दोन स्क्रीनवरून एकदम काम करायचं म्हणलं तर होम अन् प्रो दोन्ही उपयोगाचे नाहीत. होमला बाहेरून रिमोट डेस्कटॉपनं (दुसऱ्या मशीनवरून ह्याची स्क्रीन चालवायची सोय) जोडताच येत नाही, प्रोला येतं पण दुसरा आत आला की समोर बसलेल्याची स्क्रीन लॉक होती. खरं एकदम काम पाहिजे तर विंडोज सर्व्हर, अन् त्यात देखभालीसाठीच्या दोन जोडण्या सोडल्या तर प्रत्येक माणसाचं किंवा प्रत्येक मशीनचं रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स वेगळं घ्यावं लागतं. कोटेशन घेताना हे विचारा, लै जण फक्त सर्व्हरचीच किंमत सांगतात.

अन् एक फाइल बदलून प्रोवर चार-चार जण चालवून देतो म्हणणारे भेटतील. करू नका. ते लायसन्समध्ये बसत नाही अन् एखादा अपडेट आला की ऐन सीझनमध्ये बंद पडतं.

टर्मिनलप्रेमी (छ. संभाजीनगर):
भाच्याचं चूक नाहीये. लिनक्स हे युनिक्स नावाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वळणावर बनलंय अन् युनिक्स १९६९ पासून वाढलं तेच एका मशीनला अनेक टर्मिनल (स्क्रीन-कीबोर्ड) लावून, त्यामुळं दहा जण एकदम आत आले तरी वेगळं लायसन्स लागत नाही. मी स्वतः रोज उबंटूच वापरतो. पण टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही, वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वगैरे जुगाड करून दुकानाचा हिशोब त्याच्या भरवशावर ठेवू नका. पट्टीचं सॉफ्टवेअरही विंडोजचंच असणार ना?

जुनं मशीन मात्र भंगारात देऊ नका. त्याच्यावर उबंटू २४.०४ टाका, २०२९ पर्यंत अपडेट मिळतात, सांबा (विंडोजच्या मशीनवरून लिनक्सवर फाइली ठेवायची सोय) चालू करा अन् रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप तिकडं जाऊ द्या.

हिशोबाची_ताई (नांदेड):
मी चार दुकानांचे हिशोब बघते. दादा, तुमचं दुखणं ऑपरेटिंग सिस्टिमचं कमी आणि पट्टी कुणी बदलली हे न कळण्याचं जास्त आहे. नुसतं विंडोजचं लॉगिन वेगळं केलं तर टॅलीच्या आत कोण गेलं ते कळत नाही. टॅलीत सिक्युरिटी चालू करून तिघांना तीन युजर द्या, टॅलीप्राइममध्ये एडिट लॉग पण मिळतो, व्हाउचर (व्यवहाराची नोंद) कुणी कधी बदललं ते दिसतं. पट्टीच्या सॉफ्टवेअरमध्ये असं काही आहे का ते ज्यांनी दिलं त्यांना विचारा. विंडोजमध्ये तिघांनाही साधं स्टँडर्ड अकाउंट द्या, तुम्हालासुद्धा, अ‍ॅडमिन वेगळा ठेवा.

सीझनला दोघं एकदम बसणार असाल तर दोन मशीन घ्या आणि टॅलीचं गोल्ड लायसन्स घ्या, सिल्व्हर एकाच युजरचं असतं. मग सर्व्हरचा खर्च कशाला?

आणि मुनीमकाकांना आधी नीट बसून सांगा. नाहीतर त्यांना वाटेल आपल्यावरच पाळत बसवली. वेगळं नाव असलं की त्यांच्यावर विनाकारण बोट येणार नाही, हे त्यांच्या कानावर तुमच्याच तोंडून जाऊ द्या, वडलांसमोर.

मोंढ्यातला_आडत्या (लातूर):
ताई, शेवटचं लै पटलं. काल रात्री काटा बंद झाल्यावर तिघं बसलो, वडलांसमोरच सांगितलं. काका काही बोलले नाहीत, कीबोर्ड स्वतःकडं ओढला अन् एका बोटानं पासवर्ड टाकला, आम्हाला दोघांना तिकडं बघायला लावलं. टॅलीत तिघांचे युजर झाले. नवं मशीन विंडोज ११ प्रोचं घेतोय, जुन्यावर भाचा उबंटू टाकून देणार. गोल्डचं दसऱ्याच्या आधी बघतो. अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणाकडं ठेवायचा तेवढं सांगा.

हिशोबाची_ताई (नांदेड):
कागदावर लिहून पाकिटात बंद करा, पाकिटावर तिघांच्या सह्या घ्या आणि तिजोरीत ठेवा.